काट्याची पावती, ईमॅक्स आणि जेडीबी : प्रकल्प नोंदी

७ नोव्हेंबर २०२४

धरणगाव रस्त्यावरच्या कापसाच्या जिनिंगमधून फोन आला. वजनकाटा नीट चालतो, पण पावतीवर निव्वळ वजनाची जागा कोरी येते. दिवाळीत ऑफिसातला कॉम्प्युटर बदलला. नव्या मशीनवर लिनक्स आहे, भाषा मराठी ठेवली आहे आणि जावा ८ च्या जागी जावा १७ आला आहे. प्रोग्रॅम मात्र तोच जुना: स्विंगची (जावाच्या खिडक्या बनवणाऱ्या लायब्ररीची) एक खिडकी, सिरियल पोर्टवरून येणारं वजन आणि एक साधी मजकूर फाईल.

पाळधीवरून वळून दुपारी जाऊन आले. काम कसं चालतं ते लिहून ठेवते, पुढे लागेल. कापसाची भरलेली गाडी काट्यावर येते, तिचं वजन क्विंटलमध्ये पावती क्रमांकासह फाईलमध्ये जातं. गाडी खाली झाली की रिकामी परत काट्यावर येते. प्रोग्रॅम पावती क्रमांकावरून पहिली नोंद शोधतो, वजाबाकी करतो, पावती छापतो. पावती क्रमांक बरोबर सापडतो, शेतकऱ्याचं नाव बरोबर छापलं जातं, भरलेल्या गाडीचं वजन आणि निव्वळ वजन मात्र गायब.

काटा सांभाळणारे भाऊ सध्या हाताने वजाबाकी करून पेनाने आकडा लिहितात. त्यांचा हिशोब चोख आहे, तरी छापील पावतीवर पेनाने लिहिलेलं वजन शेतकऱ्याच्या हातात द्यायचं हे बरोबर नाही. त्याचा वर्षभराचा कापूस त्या एका आकड्यावर मोजला जातो. हे लवकर सुटलं पाहिजे.

कोणीतरी त्यांना सुचवलं होतं की मशीन इंग्रजीत करा, सगळं ठीक होईल. भाऊंनी ठाम नकार दिला: "पावती मराठीमाच पायजे, ताई." मलाही तेच पटतं. आधी कारण कळू दे.

८ नोव्हेंबर

घरून डीबगर, म्हणजे चालता प्रोग्रॅम थांबवून आत पाहण्याचं साधन, जोडायचा. संध्याकाळी गाड्या संपल्यावरच, कारण ब्रेकपॉईंटवर (थांबायला नेमलेल्या ओळीवर) थांबलेला प्रोग्रॅम म्हणजे गोठलेली खिडकी, आणि काट्यासमोर रांग असताना तसं करता येत नाही.

काट्याच्या मशीनवर प्रोग्रॅम जेडीडब्ल्यूपी (जावाचा डीबगिंगचा प्रोटोकॉल) एजंटसह सुरू करून घेतला, पोर्ट ५००५, सस्पेंड बंद, म्हणजे डीबगरची वाट न पाहता सुरू. लॅपटॉपवरून थेट जोडायला गेले तर कनेक्शन नाकारलं. हे अपेक्षितच आहे. जावा ८ पर्यंत नुसता पोर्ट दिला की एजंट सगळ्या नेटवर्कवर ऐकत बसायचा. जावा ९ पासून नुसता पोर्ट म्हणजे फक्त लोकलहोस्ट, तेच मशीन. पोर्टच्या आधी तारांकन लावून ते पुन्हा सगळ्यांना उघडता येतं, पण मी ते करणार नाही. जेडीडब्ल्यूपीला पासवर्ड नावाची गोष्टच नाही. जो जोडला जाईल तो त्या मशीनवर हवा तो कोड चालवू शकतो. म्हणून एसएसएचचा (सुरक्षित दूरजोडणीचा) बोगदा केला, लॅपटॉपचा ५००५ तिकडच्या ५००५ ला जोडला.

बोगदा खरंच पोचतो का हे पाहण्याची सोपी पद्धत: जोडल्यावर 'जेडीडब्ल्यूपी-हँडशेक' ही १४ बाइटची इंग्रजी अक्षरं पाठवायची. पलीकडे खरा एजंट असेल तर तीच १४ अक्षरं परत येतात. आली.

मग ईमॅक्स या एडिटरमधून जेडीबी हा जावाचा डीबगर जोडला, ब्रेकपॉईंट लावला, तर उत्तर मिळालं की या क्लासमध्ये ओळ क्रमांकांची माहितीच नाही, डीबगिंग चालू ठेवून कंपाईल करा. प्रोग्रॅम अँट या बांधणीच्या साधनाने बांधला जातो आणि अँटच्या जावासी (जावा कंपाईलर) टास्कमध्ये डीबग डीफॉल्टने बंद असतं. तेव्हा अँट कंपाईलरला 'काहीच डीबग माहिती ठेवू नको' असं सांगतो, त्यामुळे ओळ क्रमांकसुद्धा जातात. नुसता जावासी हाताने चालवला असता तर निदान ओळी आणि फाईलचं नाव राहिलं असतं, फक्त लोकल व्हेरिएबल गेले असते. डीबग चालू करून जार पुन्हा बांधली, पाठवली.

९ नोव्हेंबर

ब्रेकपॉईंट लागतो. प्रोग्रॅम थांबतो. जेडीबीच्या खिडकीत 'ब्रेकपॉईंट हिट' असं येतं, थ्रेडचं नाव येतं, मेथडचं नाव येतं, ओळ येते. पण शेजारच्या सोर्स फाईलमध्ये चालू ओळ दाखवणारा बाण उमटत नाही. ईमॅक्स सोर्स उघडतच नाही. पुढची ओळ चालवली तरी तेच. मग ब्रेकपॉईंट कुठे आहे ते डोळ्यांनी शोधत बसायचं.

पहिला संशय सोर्सपाथवर, म्हणजे सोर्स फाईली शोधायच्या जागांवर. जीयूडी, म्हणजे ईमॅक्सचा डीबगर चालवणारा भाग, जोडल्यावर जेडीबीलाच क्लासपाथ (क्लास फाईलींच्या जागा) विचारतो आणि त्यावरून सोर्स शोधतो. इथे क्लासपाथ काट्याच्या मशीनचा, त्या फोल्डरचा माझ्या लॅपटॉपवर पत्ता नाही. म्हणून सोर्सपाथ स्वतः दिला. तरी बाण नाही. सोर्स हव्या त्या फोल्डरमध्ये आहेत, पॅकेजप्रमाणे लावलेले आहेत, हे पुन्हा तपासलं. तिथे काही कमी नाही.

महत्त्वाची बाब: हाच लॅपटॉप, हाच ईमॅक्स, जावा ८ च्या जुन्या कामांवर बाण नीट दाखवायचा. फक्त जावा १७ या कामासाठी नवा टाकला.

११ नोव्हेंबर

आज प्रॉम्प्टकडे नीट पाहिलं. स्विंगचा प्रोग्रॅम असल्याने थ्रेड 'एडब्ल्यूटी-इव्हेंटक्यू' आहे, त्याच्या नावाच्या शेवटी शून्य असतं आणि पुढे चौकटी कंसात फ्रेमचा (मेथड कॉलच्या पातळीचा) क्रमांक. एकाच ओळीत नावातलं शून्य इंग्रजी आणि कंसातला एक देवनागरी!

म्हणजे फॉन्टचा प्रश्न नाही आणि ईमॅक्स काही बदलत नाही. नाव ही आधीच तयार असलेली स्ट्रिंग आहे, ती आहे तशी छापली गेली. फ्रेमचा क्रमांक हा खरा अंक आहे, तो छापताना कोणीतरी मराठीत मांडला. खाली 'लाईन=' पुढचा आकडाही देवनागरी. 'व्हेअर' विचारलं तर सगळ्या फ्रेम आणि ओळी देवनागरीत. शब्द सगळे इंग्रजी, कारण जेडीबीच्या संदेशांचं मराठी भाषांतर नाही. पण अंक मराठी, कारण जेडीबी अंक छापताना जावाचा मेसेजफॉरमॅट हा क्लास वापरतो आणि तो मशीनच्या लोकेलप्रमाणे (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगप्रमाणे) चालतो. माझा लॅपटॉप कित्येक वर्षं मराठीत आहे.

जावा ८ मध्ये का नव्हतं? जावा ९ पासून लोकेलची माहिती डीफॉल्टने सीएलडीआरमधून येते, युनिकोडच्या सामायिक भांडारातून. तिथे मराठीची नेहमीची अंकपद्धती देवनागरी आहे. जावाच्या स्वतःच्या जुन्या माहितीत मराठी नव्हतीच, त्यामुळे जावा ८ इंग्रजी अंकांवर जायचा. हिंदीचं नेमकं उलट: जुन्या जावात हिंदीला देवनागरी अंक होते, सीएलडीआरमध्ये हिंदीचे डीफॉल्ट अंक इंग्रजी आहेत. म्हणून हिंदी लोकेलवर काम करणाऱ्याला आज हा त्रास दिसणार नाही.

आता ईमॅक्सची बाजू. जीयूडीला जेडीबीकडून वेगळा असा कुठलाही निरोप मिळत नाही. काट्यावरचा माणूस वजन ओरडून सांगतो आणि आत बसलेला कारकून ऐकून वहीत लिहितो, तसं आहे: जेडीबी माणसासाठी ओळ छापतो, जीयूडी ती ओळ वाचून त्यातून क्लास आणि ओळ क्रमांक उचलतो. उचलण्यासाठी त्याच्याकडे जो साचा आहे त्यात फक्त इंग्रजी शून्य ते नऊ बसतात, शिवाय हजाराचा स्वल्पविराम किंवा टिंब. लोकेलचा विचार जीयूडी लिहिणाऱ्यांनी केला होता, विरामापर्यंत. अंकच बदलतील हे त्यात नाही.

आणि मूळ जेडीडब्ल्यूपीत यातलं काहीच नाही. ११ बाइटचा हेडर, पुढे बायनरी. ओळ क्रमांक म्हणजे चार बाइटचा पूर्णांक, त्याला भाषा नाही. काट्याच्या मशीनपासून माझ्या जेडीबीपर्यंत आकडा निखळ येतो आणि अगदी शेवटच्या पायरीवर, छापताना, मराठी होतो. खात्री म्हणून उलटसुलट करून पाहिलं. घरीच दोन जेव्हीएम (जावाची व्हर्च्युअल मशीन) चालवले: प्रोग्रॅम मराठीत, जेडीबी इंग्रजीत, तर बाण उमटतो, प्रोग्रॅम इंग्रजीत, जेडीबी मराठीत, तर नाही. प्रोग्रॅमच्या लोकेलचा या लक्षणाशी संबंध नाही.

१३ नोव्हेंबर

उपाय कोणता, यावर आजचा दिवस.

आधी अंकांपुरतं लोकेल बदललं, एलसी_न्यूमेरिक 'सी' केलं. काही फरक नाही. लिनक्सवर जावा तो व्हेरिएबल पाहतच नाही. संदेशांची भाषा एलसी_मेसेजेसवरून घेतो आणि अंक-तारखांची मांडणी एलसी_सीटाईपवरून. ज्याच्या नावात अंक आहेत त्याचा उपयोग नाही आणि ज्याच्या नावात अक्षरसंच आहे तो अंक ठरवतो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

मग एलसी_ऑल 'सी' करून जेडीबी चालवला. बाण आला! पण 'प्रिंट' करून शेतकऱ्याचं नाव पाहिलं तर नुसती प्रश्नचिन्हं. 'सी' लोकेलमध्ये बाहेर छापण्याची एन्कोडिंगच ॲस्की (फक्त इंग्रजी अक्षरांची) होते, देवनागरी अक्षराला तिथे जागा नाही. ज्या प्रोग्रॅमचा अर्धा डेटा मराठी आहे त्याच्यासाठी असा डीबगर बिनकामाचा.

कॉम्पॅट नावाचा जुना लोकेल पुरवठादार चालू करणे हाही एक मार्ग आहे, जावा १७ मध्ये चालतो. पण जावा २१ मध्ये त्याबद्दल इशारा येतो आणि सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या जावा २३ मधून तो काढूनच टाकला आहे. जी वाट बंद झाली आहे तिच्यावर नवं काम उभं करायचं नाही.

शेवटी जे चाललं ते साधं आहे. जेडीबीला वजा-जे लावून दिलेला पर्याय त्याच्या स्वतःच्या जेव्हीएमला जातो, तपासायच्या प्रोग्रॅमला नाही. त्या मार्गाने 'यूजर.लँग्वेज' ईएन दिलं. वातावरण मराठी आणि यूटीएफ-८ तसंच राहिलं, म्हणून नावं नीट दिसतात. अंक इंग्रजी झाले, म्हणून बाण उमटतो. ईमॅक्समध्ये जेडीबीच्या डीफॉल्ट आदेशातच हे घालून ठेवलं.

१४ नोव्हेंबर

जीयूडीलाच देवनागरी अंक शिकवावेत, हा विचार रात्रभर डोक्यात होता. ते करणं अवघड नाही. साचा सैल करून भागत नाही, कारण इलिस्पचं (ईमॅक्सच्या भाषेचं) स्ट्रिंग-टू-नंबर देवनागरी आकड्याला शून्य देतं. आणि 'डिजिट' हा अक्षरवर्गही ईमॅक्समध्ये इंग्रजी शून्य ते नऊपुरताच आहे. म्हणजे मजकूर जीयूडीच्या हाती जाण्याआधी अंक बदलावे लागतात. देवनागरी शून्याचा युनिकोड क्रमांक २४०६, इंग्रजी शून्याचा ४८, फरक २३५८; प्रत्येक देवनागरी अंकातून तेवढे वजा केले की झालं. दहाएक ओळींचा फिल्टर लिहिला, चालला.

आणि काढून टाकला. कारण तो फिल्टर जेडीबीच्या बाहेर येणाऱ्या प्रत्येक ओळीला लागतो, व्हेरिएबलच्या किमतींनाही. स्ट्रिंगमध्ये खरंच देवनागरी अंक असतील तर ते मला इंग्रजी दिसतील. डीबगरने जे आहे ते दाखवलं पाहिजे, त्यात फेरफार करणारा डीबगर मला नको. जेडीबीला इंग्रजी बोलायला लावणं वेगळं: तिथे फक्त जेडीबीचे स्वतःचे अंक बदलतात, प्रोग्रॅमच्या स्ट्रिंग आहेत तशा येतात.

व्हीएस कोडमध्ये किंवा ईमॅक्सच्या डॅप-मोडमध्ये जो जावा डीबगर वापरतात तो जेडीआयशी (जावाच्या डीबगिंग इंटरफेसशी) थेट बोलतो आणि एडिटरला जेसनमध्ये ओळ क्रमांक कळवतो. तिथे अंक हा अंकच राहतो, छापलेल्या ओळीतून तो उचलावा लागत नाही. रचना म्हणून ती निश्चितच सरस आहे. पण त्यासोबत एक्लिप्सचा लँग्वेज सर्व्हर येतो, तो मेमरी भरपूर मागतो, आणि अँटच्या जुन्या प्रकल्पाला त्यात बसवणं हे आणखी एक काम. मोजक्या फाईलींसाठी जेडीबी पुरे. मोठ्या कामाला मी तिकडेच जाईन.

१५ नोव्हेंबर

आता मूळ दुखणं. संध्याकाळी सातनंतर भाऊंनी जिनिंगचाच ट्रॅक्टर काट्यावर चढवला, एकदा भरून, एकदा रिकामा. ब्रेकपॉईंट दुसऱ्या वजनाच्या मेथडमध्ये, जिथे फाईलमधली पहिली नोंद वाचली जाते.

बाण जागेवर. प्रॉम्प्टमधले अंक इंग्रजी, ओळीचे अंक इंग्रजी. वाचलेली ओळ 'प्रिंट' केली. तिच्यात पावती क्रमांक देवनागरी आणि वजनही देवनागरी.

आठ-नऊ तारखेला हीच ओळ माझ्यासमोर आली असती तर वेगळी दिसली नसती, कारण तेव्हा पडद्यावरचा बहुतेक प्रत्येक आकडा देवनागरीच होता. आज सगळं इंग्रजी असताना फक्त दोषी आकडे देवनागरी उरले.

पुढे दोन ओळी चालवल्या आणि कोडं सुटलं. पावती क्रमांक इंटिजर.पार्सइंटने वाचला जातो. ती मेथड कुठल्याही लिपीतले युनिकोड अंक स्वीकारते, म्हणून क्रमांक सापडायचा. वजन डबल.पार्सडबलने वाचलं जातं. तिला फक्त इंग्रजी अंक चालतात, देवनागरी दिले की नंबरफॉरमॅटएक्सेप्शन. बाण थेट कॅच ब्लॉकमध्ये (चूक हाताळायच्या भागात) गेला आणि तो ब्लॉक रिकामा! ना नोंद, ना सूचना. वजन नाही, म्हणून वजाबाकी नाही, म्हणून कोरी जागा.

फाईलमध्ये देवनागरी कुठून आले? पहिलं वजन स्ट्रिंग.फॉरमॅटने लिहिलं जातं, लोकेल न देता. म्हणजे मशीनचं लोकेल. जावा ८ वर मराठी मशीनलाही इंग्रजी अंक मिळाले असते. जावा १७ वर देवनागरी. जेडीबीत जे घडत होतं तेच प्रोग्रॅममध्ये घडत होतं. दोन्हीकडे माणसासाठी मांडलेला मजकूर दुसरा प्रोग्रॅम वाचतो आहे.

रिकाम्या कॅच ब्लॉकबद्दल मला खरंच राग आहे. वजनाच्या कामात अपवाद (एक्सेप्शन) गिळायचा नसतो.

१८ नोव्हेंबर

दुरुस्ती. फाईलमध्ये जाणारा प्रत्येक आकडा आता लोकेल.रूटने (कुठल्याही भाषेशी न बांधलेल्या लोकेलने) लिहिला जातो, मशीनची भाषा कोणतीही असो. पावतीवरचा प्रत्येक आकडा 'एमआर-आयएन' (मराठी, भारत) असं स्पष्ट सांगून छापला जातो. उद्या कोणी मशीन इंग्रजीत केलं तरी पावती मराठीच राहील. भाऊंना हवं होतं ते आता मशीनच्या सेटिंगवर अवलंबून नाही.

कॅच ब्लॉकमध्ये लॉग आणि पडद्यावर मराठीत सूचना: पहिलं वजन वाचता आलं नाही, पावती छापू नये.

दिवाळीनंतरच्या जुन्या नोंदींमध्ये देवनागरी अंक आहेतच. त्या फाईलची प्रत ठेवून एकदाच चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने अंक बदलले. नावांना हात लावला नाही, फक्त क्रमांक आणि वजनाचे रकाने. नंतर दोन्ही फाईली शेजारी ठेवून भाऊंनी पेनाने लिहिलेल्या पावत्यांच्या स्थळप्रतींशी ताळा केला. त्यांची एकही वजाबाकी चुकलेली नव्हती.

२० नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान. काटा बंद.

२२ नोव्हेंबर

काल दिवसभर गाड्या चालल्या, पावत्या पूर्ण छापून आल्या.

नवी गोष्ट निघाली. हिशोब पावतीवर रकमेचा स्वल्पविराम चुकीच्या जागी पडतो. यंदाचा (२०२४-२५ चा) लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये क्विंटल. त्या भावाने २० क्विंटलचे १,५०,४२० रुपये होतात. पावतीवर १५०,४२० येतं. जावाच्या डेसिमलफॉरमॅटला गटांची एकच लांबी कळते. आकृतिबंधात लाखाप्रमाणे विराम दिले तरी तो शेवटच्या गटाची लांबीच सगळीकडे लावतो. सीएलडीआरमध्ये मराठीची मांडणी बरोबर आहे, जावा ती पाळू शकत नाही. आयसीयू४जे पाळतं. पण एका पावतीसाठी एवढी मोठी लायब्ररी जोडण्यापेक्षा शेवटचे तीन आणि मग दोन-दोन अशी छोटी मेथड लिहिते, टेस्टसकट: नऊशे नव्व्याण्णव, हजार, लाख, कोटी आणि पैशांसह रक्कम.

बाकी राहिलेलं: लॅपटॉपवर जावा २१ ने सगळ्या टेस्ट चालवणं, मराठी, इंग्रजी आणि हिंदी या तिन्ही लोकेलमध्ये फाईल तंतोतंत सारखी निघते हे टेस्टमध्ये बांधणं, बांधणीत डीबग माहिती कायम चालू ठेवणं. काट्याच्या मशीनवर डीबगचा एजंट काढून प्रोग्रॅम नेहमीप्रमाणे सुरू करून दिला, बोगद्याची चावी काढून घेतली. जीयूडीच्या साच्याबद्दल ईमॅक्सच्या विकासकांना बग कळवायचा आहे. त्यात लोकेल, जेडीकेची आवृत्ती, जेडीबीने छापलेली ओळ जशीच्या तशी आणि वजा-जेचा तात्पुरता उपाय लिहीन. मसुदा तयार आहे, सोमवारी पाठवते.